बोटवाल्या काकांचा पहिला नियम

पैज कशी लावावी हे मला एका निवृत्त खानसाम्यानं शिकवलं. त्यासाठी दौंडच्या परसात, नऊवारी नेसून, काखेत पपई दाबून मी पळाले आहे. आता घरातली नातवंडं मोबाइलवर बोट फिरवत कुठल्याकुठल्या सामन्यांवर काहीबाही लावत असतात आणि मी डोकावले की म्हणतात, आजी, तुला नाही कळायचं. मी गप्प बसते. आपल्याला काही कळत नाही असा चेहरा करता आला की निम्मी पैज जिंकली, असं ते म्हणायचे.

ते म्हणजे आमचे घरमालक. सगळं दौंड त्यांना बोटवाले काका म्हणे. जन्म केडगावचा, मिशनच्या आसऱ्याला आलेल्या आईच्या पोटी. तरुणपणी मुंबईला जाऊन बोटीवर भटारखान्यात लागले, जग बघितलं, आणि परत येऊन दौंडच्या रनिंग रूममध्ये खानसामा झाले. रनिंग रूम म्हणजे ड्रायव्हर-गार्ड लोकांची गाड्यांच्या मधली विश्रांतीची जागा. तिथं तीस वर्षं वाढून-वाढून निवृत्त झाले तेव्हा दोन खणांची तीन बिऱ्हाडं बांधली, त्यातल्या एकात आम्ही. बोटीवरचा पितळी बटणांचा काळा ओव्हरकोट ते वैशाखातसुद्धा अंगात घालत. उकडत नाही का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "उकडतंय की. पन काढला तर लोक मला खानसामा समजतील."

परसात त्यांच्या कोंबड्या. एक कोंबडा होता, त्याचं नाव कप्तान. काकांच्या सगळ्या पैजा अंड्यांच्या असत. पाद्रीसाहेबांनी एकदा टोकलं होतं की जुगार पाप आहे. तर काका म्हणाले, पैशाचा तो जुगार, अंड्याची ती मैत्री. पाद्रीसाहेब हसले, आणि पुढं नाताळात गायनमंडळी वेळेवर उभी राहतात की नाही यावर दोन अंडी हरले.

मी दौंडला आले ती एकोणीस वर्षांची, तळेगाव ढमढेऱ्याची, मराठी सातवी पास. त्या काळी सातवी पास म्हणजे मला वाटे, माझ्यानंतर सरस्वतीच. आमचे हे लोको शेडात फिटर आणि दौंडच्या हुतूतू संघाचे कप्तान. माणसांतले कप्तान, कोंबड्यांतले नव्हेत. पण चाल दोघांची सारखीच होती. सासूबाई नव्हत्या. घरात सासरे, आप्पा, रेल्वेतून रूळ बदलणारे पॉइंट्समन म्हणून निवृत्त झालेले. मिशा एवढ्या की चहा पिताना एका हातानं वर धरायला लागत.

काकांची-माझी पहिली पैज मीच ओढवून घेतली. ह्यांच्या संघाचा बारामतीशी सामना होता. काका कुंपणापाशी उभे, मी विहिरीवरून आले, आणि न विचारता सांगितलं की आपला संघ जिंकणार, तीन अंडी. का जिंकणार याला माझ्याकडं एकच कारण होतं: हे चड्डी-बनियनवर फार देखणे दिसत. आम्ही सपाटून हरलो. तीन अंडी मी शेजारणीकडून उसनी आणून दिली. काकांनी ती उजेडात धरून तपासली आणि म्हणाले, "पोरी, पहिला नियम. आपल्या माणसावर पैज लावू न्हाई. डोळं आंधळं व्हत्यात."

त्यांचा प्रत्येक नियम पहिलाच असे. मी एकदा विचारलं, काका, दुसरा कोणता? म्हणाले, दुसऱ्यापर्यंत कुणी टिकतच न्हाई.

हे सगळं ज्ञान त्यांनी विलायतेत मिळवलं होतं. त्यांची बोट बिघडून हल नावाच्या बंदरात अख्खा हिवाळा अडकली होती. तिथले हमाल आठवडाभर धक्क्यावर पोती वाहायचे आणि शनिवारी मैदानात उतरून एकमेकांना चिखलात लोळवायचे. तेही पगारी. जिंकलं तर पगार जास्त, हरलं तर कमी. दौंडात यावर कुणाचा विश्वास बसला नाही. आमच्या ह्यांना रेल्वे सामन्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा देई, आणि तीही तोंड वाकडं करून.

तो खेळ काकांनी मला परसात शिकवला. तेरा तेरा माणसं. चेंडू पपईसारखा लांबट, म्हणून पपईच घ्यायची. ती काखेत दाबून समोरच्यांच्या अंगावर धावत सुटायचं. त्यांनी धरून आपटलं की उठायचं, पपई भुईवर ठेवायची आणि टाचेनं मागच्याला द्यायची. मुख्य म्हणजे हातानं पुढं फेकायची नाही. फेकायची ती मागं, आणि जायचं मात्र पुढं. मला हे जमेना. मी पळता पळता पपई पुढंच भिरकावी, काका गार्डाची शिट्टी फुंकत, कप्तान घाबरून छपरावर चढे. एकदा ऐन वेळी आप्पा दारात आले. सून पदर खोचून पपईसकट कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलेली त्यांनी पाहिली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पण खरी विद्या निराळीच होती. काका म्हणत, कोण जिंकणार हे लग्नाच्या पाहुण्यांनी विचारावं. पैज लावणाऱ्यानं विचारावं, किती फरकानं. हलच्या धक्क्यावर बलवान संघावर कुणी नुसती पैज घेतच नसे. दुबळ्याला आधी गुणांची सूट द्यायची. बलवान संघ तेवढ्याच्या वर जिंकला तरच तुम्ही जिंकलात. म्हणजे सामना एकतर्फी असला तरी पैज बरोबरीची. आणि ही सूट ठरवायला खेळाडूचे पाय बघायचे नाहीत, ताट बघायचं. काकांची ही खानसाम्याची दृष्टी. कोण वचावचा खातो, कोण दुसऱ्याच्या ताटात बघतो, कोणाचा घास हातात राहतो. रनिंग रूममध्ये सोलापूरचा ड्रायव्हर भात टाकून उठला की ते ओळखत, घरी भांडण आहे, आज गाडी उशिरा पोचणार. चुकतही. ज्यांनी भात टाकला तो नुसता कच्चा होता म्हणून टाकला, असेही दिवस होते. मग काका चार-चार अंडी मोजून देत आणि आठवडाभर कोरडी चटणी खात.

तर अशी माझी शिकवणी चालू असताना मला दुसऱ्या शिकवणीची ओढ लागली. मुलींच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं की पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात सातवी पास मुलींना घेतात, राहायची सोय आहे, दोन वर्षांत मास्तरीण होशील. जूनच्या आत नाव घालायला हवं. मी त्याच संध्याकाळी घरात विषय काढला. हे म्हणाले, आप्पांना विचार. आप्पांनी मिशी वर धरून चहा संपवला आणि विचारलं, "मंग भाकऱ्या कोण थापनार?" मी पंधरा दिवस रोज विचारलं, त्यांनी रोज तेवढंच विचारलं. नवे पैसे यायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. जून जवळ येत चालला होता.

त्याच सुमारास शिरूरच्या संघाशी दौंडचा वर्षाचा सामना ठरला. पारावर बसतात तशी माणसं आमच्या परसात बसली होती आणि आप्पा रंगात येऊन सांगत होते की यंदा शिरूरच्या पोरांना पंधरा गुणांनी लोळवणार, एक कमी न्हाई. मी दाराआड तांदूळ निवडत होते. तोंडातून गेलं, पंधरा नाही होणार.

सगळ्या माना दाराकडं वळल्या. सून बोलली हेच मोठं, त्यात सासऱ्याच्या शब्दाला शब्द. काकांनी कोटाचं एक बटण लावलं आणि शांतपणे म्हणाले, "आप्पा, सूनबाई पंधराची सूट मागतीया. देता का?"

आप्पांना सूट म्हणजे काय ते कळलं नाही, पण चारचौघांत मागे हटणं त्यांच्या मिशांना परवडणारं नव्हतं. ठरलं ते असं: दौंड पंधरा किंवा त्याहून जास्त गुणांनी जिंकलं तर मी ट्रेनिंगचं नाव पुन्हा कधी काढायचं नाही. कमीनं जिंकलं तर मी पुण्याला जाणार. भाकऱ्यांचं ज्याचं त्यानं बघावं. माणसं हसत उठून गेली. मला वाटलं, झालं, गड सर. काका मात्र मागं थांबले आणि माझ्यावर उखडले. नवऱ्याच्या संघावर लावलंस आणि वर स्वतःलाच डावावर लावलंस, पहिला नियम एका दमात दोनदा मोडलास, म्हणाले. अंडी हरली तर कोंबडी परत देते. हे कोण देणार?

सामन्याच्या दिवशी पाहुण्या संघाला जेवू घालायचं ही यजमानांची रीत. कप्तानाचं घर आमचं, म्हणून दोन्ही संघांची पंगत आमच्या परसात. मटण काकांनी शिजवलं, भाकऱ्या मी भाजल्या. दोन्ही संघांची पोरं काकांच्या हातचं मिटक्या मारत खात होती. आप्पा आत बसून, दार ओढून, माझ्या भाकरीबरोबर पिठलं खात होते. ख्रिस्ती हातचं त्यांनी तोवर कधी खाल्लं नव्हतं.

आणि इथं माझी सातवी पास अक्कल चालली. माझे वडील जेवले की दोन तास आडवे होत. मी म्हटलं, आपल्या संघाला एवढं वाढायचं की मैदानात पेंगले पाहिजेत. हरायला नकोत, पण पंधरानं जिंकायलाही नकोत, एवढ्या बेताचे पेंगले पाहिजेत. मी ह्यांच्या पानात मटण ओतलं, वर तूप, वर आणखी भाकरी. लोको शेडाची सगळी पोरं हात आडवा धरीत, मी त्यांच्या बोटांवरून रस्सा वाढी. ह्यांनी तर माझ्याकडं इतक्या कौतुकानं पाहिलं की मला क्षणभर लाज वाटली. क्षणभरच.

काका पातेल्यापाशी उभे राहून बघत होते. मी रस्सा घ्यायला गेले तेव्हा हळूच म्हणाले, "ताट बघायचं असतंय, ताटात हात घालायचा नसतोय." आणि मग मान हलवून, "त्यात हे रेल्वेचं गडी. तीस वरसं ह्यान्लाच वाढलं म्या. ह्यान्ला पोटभर घातलं की इंजनावानी पळत्यात. उपाशी ठेवायचं व्हतंस, खुळे."

माझ्या हातातला डाव गार पडला. तेवढ्यात त्यांनी हनुवटीनं शिरूरच्या ओळीकडं खूण केली. तिथं एक लांबडा, काळासावळा गडी होता. सगळ्यांना पाणी दिलं, सगळ्यांना भाकऱ्या फिरवल्या, आणि पंगत निम्मी उठल्यावर स्वतः बसला. उरलंसुरलं खाल्लं, पान पुसून टाकलं. काका म्हणाले, "त्याला इसरू नको. जो शेवटाला जेवतो, तो शेवटापर्यंत उभा ऱ्हातो."

सामना रेल्वेच्या मैदानावर. बायका एका कडेला, रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर. पंचांच्या शेजारी शाळेचा फळा आणून ठेवला होता आणि त्यावर खडूनं गुण मांडत होते. माझं मटण पहिल्या पाच मिनिटांतच रंगात आलं. हे चढाईला गेले की दोन-दोन गडी मारून परत. शिरूरवर एक लोण चढला, मग दुसरा. दौंडच्या बायका पदर उडवत होत्या. माझ्या शेजारणीनं माझ्या पाठीत थाप मारून विचारलं, काय गं, नवऱ्याला काय घातलंस? मी काय सांगणार.

उत्तरार्ध संपत आला तेव्हा फळ्यावर दौंड चौदा गुणांनी पुढं होतं. पंच घड्याळाकडं बघायला लागले. शेवटची चढाई, आणि ती ह्यांची. शिरूरचे तीन गडी मैदानात उरलेले, त्यांत तो लांबडा. एकाला नुसतं बोट लागलं की पंधरा. पलीकडं आप्पा उभे होते, मिशी दोन्ही हातांत. काका कोटाची सगळी बटणं लावून.

हे हुतूतू म्हणत रेषा ओलांडून गेले. आवाज काय होता, आजही कानात आहे. डावीकडच्याला हुलकावणी दिली, उजवीकडचा मागं सरला. मधल्या लांबड्यानं हालचालच केली नाही. ह्यांना वाटलं असावं, हा दमला. हात लांब करून ह्यांनी त्याच्याकडं झेप घेतली आणि त्यानं एक पाऊल मागं घेऊन, खाली वाकून ह्यांचा घोटा धरला. बाकीचे दोघे वर पडले. ह्यांचा आवाज धुळीत विझला आणि पंचांनी शिट्टी फुंकली. फरक तेराचा.

मी स्लीपरावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. नुसत्या टाळ्या नाहीत, मी ओरडलेही. कप्तान जमिनीवर तीन माणसांखाली, आणि त्याची लग्नाची बायको नाचतेय. धुळीतून ह्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी साठाहून जास्त वर्षं टाळत आले आहे, आताही टाळते.

लोक मला विचारतात, त्यांनी मुद्दाम तर नाही ना धरून घेतलं, तुझ्यासाठी? कथेत तसं बरं दिसतं. मीही त्यांना विचारलं होतं. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "धरलं म्हंजी धरलं. त्यो गडीच तसा व्हता." खेळाडू माणसाचा असा अपमान करू नये.

आप्पांनी आठ दिवस माझ्या हातचं खाल्लं पण माझ्याकडं पाहिलं नाही. नवव्या दिवशी माळ्यावरून स्वतःची रेल्वेची ट्रंक काढली, झटकली, आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाले, शब्द म्हंजी शब्द.

स्टेशनवर पोचवायला आप्पा, हे आणि ओव्हरकोट आले. गाडी हलायच्या आधी काका खिडकीशी आले. मला वाटलं आशीर्वाद देतील, प्रार्थना म्हणतील. ते म्हणाले, "पोरी, म्या पैज लावलीया. तू नापास व्हनार. दिवाळीच्या आधी रडत घरी येनार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाटसपर्यंत मी रागानं रडत होते आणि केडगाव मागं पडलं तेव्हा ठरवलं होतं की या खानसाम्याच्या नाकावर टिच्चून पहिली येईन. पहिली काही आले नाही. पुण्याच्या मुली माझ्या हाय-न्हाईला हसल्या, गणित बुडालं, पहिल्या महिन्यात दोनदा ट्रंक भरली. दोन्ही वेळा त्या माणसाचा समाधानानं अंडी मोजतानाचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि मी ट्रंक रिकामी केली.

नवल आप्पांचं. दर महिन्याला ते पासावर पुण्याला यायचे, तुपाची बरणी घेऊन, आणि होस्टेलच्या ओट्यावर बसून मला विचारायचे, अभ्यास चाललाय ना? एकदा तर माझं भूगोलाचं पुस्तक हातात घेऊन, उलटं धरून, म्हणाले, म्हन बघू नद्या. मी नद्या म्हटल्या. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. मला वाटलं, म्हातारा विरघळला.

दिवाळीला घरी गेले तर आणखी नवल. आप्पा परसात काकांच्या चुलीपाशी पाट घेऊन बसलेले आणि अंड्याचं कालवण ओरपत होते. मिशी दोरीनं वर बांधलेली. भाकऱ्या कोण थापणार, या प्रश्नाचं उत्तर तिथं तव्यावर फुगत होतं.

दोन वर्षांनी मी पास होऊन आले. ट्रंक टेकवली न टेकवली तोच काका आले. दोन्ही हातांत टोपल्या, भुशात मांडलेली अंडी. चेहरा लग्नघरातल्या मामासारखा. मी तोऱ्यात हात पुढं केले. ते माझ्या शेजारून सरळ आत गेले आणि टोपल्या आप्पांपुढं ठेवल्या.

"हरलो बरं का आप्पा. पोरगी पास झाली."

पैज माझ्याशी नव्हतीच. ती आप्पांशी होती. सामना संपल्यावर, आप्पा मला तोंड दाखवत नव्हते त्या आठ दिवसांत, काकांनी त्यांना कुंपणापाशी गाठलं आणि म्हणाले की तुमची सून काही टिकायची न्हाई, दिवाळीआधी परत येईल, आली नाही तर नापास होईल. आप्पांनी मिशीवर हात ठेवून सांगितलं, आमच्या घरची पोर हाय, पास व्हनार. झालं. कोंबड्यांची महिन्याची सगळी अंडी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, मी नापास झाले तर आप्पांनी ओळीनं पाच रविवार काकांबरोबर चर्चमध्ये जाऊन बसायचं, पुढच्या बाकावर. ज्या सासऱ्यानं मला जाऊ दिलं नव्हतं, तो दोन वर्षं माझ्यावर पैज लावून बसला होता आणि तूप पोचवत होता.

मी काकांना म्हटलं, पण तुम्ही माझ्याविरुद्ध लावलीत. एवढाच भरवसा होता?

त्यांनी माझ्याकडं, मी पपई पुढं फेकली की बघायचे, तसं बघितलं. म्हणाले, "पहिला नियम अर्धाच शिकलीस की तू. आपल्या माणसावर लावू न्हाई. लावायचीच आसंल तर इरुद्ध लावावी. आपलं मानूस हरलं, तर निदान अंडी मिळत्यात. जिंकलं, तर अंडी द्यायला पाय जमिनीवर ठरत न्हाईत." मग टोपलीतलं एक अंडं माझ्या हातात ठेवलं. आप्पांनी ते मोजणीत धरलं होतं की नाही, मला माहीत नाही.

पुढं मी त्याच मुलींच्या शाळेत लागले आणि काका म्हातारे होत गेले. एका दिवाळीनंतर त्यांना केडगावच्या मिशनच्या दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा कोट खुंटीला होता आणि कोटाशिवाय ते खरोखरच खानसाम्यासारखे, अगदी लहानसे दिसत होते. येणारे-जाणारे सगळे म्हणत, काका, तुम्ही लवकर बरे व्हाल. ते भिंतीकडं तोंड करून पडलेले.

मी खाटेशी बसले आणि म्हणाले, "काका, यंदाचा नाताळ काय तुम्ही बघत न्हाई. डझनभर अंडी."

खोलीतली नर्स माझ्याकडं बघतच राहिली. काकांनी हळूहळू मान वळवली. मग त्यांचे डोळे अगदी आप्पांना टोपल्या देताना होते तसे झाले. "शिकली," एवढंच म्हणाले, आणि हात पुढं केला. पैज पक्की झाली.

नाताळच्या सकाळी मी आणि आप्पा पहिल्या गाडीनं केडगावला उतरलो. दवाखान्यात काका कोट घालून, उशीला टेकून, दाराकडं डोळे लावून बसले होते. आयुष्यात इतकी सपाटून मी कधी हरले नाही. उकडलेल्या अंड्यांचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवताना माझे पाय खरोखरच जमिनीवर ठरत नव्हते.

त्यांनी अंडी मोजली. पुन्हा मोजली. म्हणाले, एक कमी हाय.

होतंच. गाडीत भूक लागली म्हणून मी खाल्लं होतं.